आधी कान, मग लेखणी

आपल्या मुलाची शुद्धलेखनाची वही हाती घ्यावी आणि तीत तांबड्या शाईचा सडा पडलेला दिसावा, म्हणजे कोणत्याही सुशिक्षित घरात पहिला निष्कर्ष निघतो तो हा की, मुलगा लक्ष देत नाही. दुसरा असा की, शाळेत नीट शिकवीत नाहीत. आणि तिसरा, जो बहुधा आजोबांच्या मुखातून बाहेर पडतो, तो असा की, आमच्या वेळी हे असले चालत नसे. या तिन्हींत थोडेथोडे तथ्य असेलही. परंतु राग क्षणभर बाजूस ठेवून त्या तांबड्या खुणा एकेक करून वाचल्या, तर त्यांतून एक चौथीच गोष्ट दृष्टीस पडते. लहान मुलाच्या पुष्कळशा चुका म्हणजे त्याने प्रामाणिकपणे ऐकलेल्या ध्वनींच्या नोंदी असतात. 'बसला' असे लिहावयाचे तेथे 'बस्ला', 'दूध' असे लिहावयाचे तेथे 'दूद', आणि 'गुण' असे लिहावयाचे तेथे 'गूण' लिहिणारे मूल बहिरे नाही व आळशीही नाही. त्याच्या कानाने जे सांगितले ते त्याच्या हाताने उतरविले, इतकेच.

प्राथमिक वर्गांत हाती खडू धरून अनेक वर्षे काढल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, शुद्धलेखनाचा आरंभ वहीपासून न होता कानापासून झाला पाहिजे. आणि मराठीतील कोणत्या शब्दांचा निकाल कान देऊ शकतो व कोणत्या शब्दांसाठी डोळ्यावर व स्मरणावर भिस्त ठेवावी लागते, ही वाटणी मुलास अगदी उघड करून सांगितली पाहिजे. ती न सांगता सर्वच शब्द सरसकट 'पाठ कर' म्हणून त्याच्या पुढ्यात टाकले, तर त्याचा आपल्या कानावरचा विश्वास उडतो. आणि कानावरचा विश्वास उडालेले मूल पुढे लिहावयासच भिऊ लागते. वेलांटी चुकण्यापेक्षा ही हानी कितीतरी मोठी आहे.

वस्तुतः आपल्या वर्णमालेची मांडणी मुळात कानासाठी व मुखासाठीच झालेली आहे. सहा वेदांगांपैकी 'शिक्षा' या अंगाचा विषयच उच्चार हा होय. कवर्ग कंठातून, चवर्ग तालूपासून, टवर्ग मूर्ध्यापासून, तवर्ग दातांपाशी आणि पवर्ग ओठांवर, अशी आतून बाहेर येणारी ही पाच स्थानांची रांग आहे. आणि प्रत्येक रांगेत आधी कठोर, मग मृदु, शेवटी अनुनासिक, असा क्रम आहे. पण वर्गात काय होते? 'क ख ग घ ङ' ही ओळ मुले एका सुरात, डोलत डोलत म्हणतात, आणि ती म्हणत असताना जीभ कोठे लागते याकडे कोणाचेच लक्ष नसते. गात वाचणे, घाईने वाचणे, मान डोलविणे आणि अर्थ न कळता वाचणे हे पाठकाचे दोष म्हणून 'पाणिनीय शिक्षे'त गणलेले आहेत. आमच्या बाराखडीच्या घोकंपट्टीत हे चारही दोष एकत्र नांदत असतात.

यावर उपाय खर्चाचा नाही. मुलास आरशासमोर उभे करून 'त' आणि 'प' म्हणावयास लावावे; ओठ कशास मिटतात हे त्याचे त्यास दिसते. तोंडासमोर तळहात धरून 'क' व 'ख' म्हणावयास लावावे; 'ख' च्या वेळी तळहातावर श्वासाचा झोत लागतो. 'ण' म्हणताना जीभ मागे वळते आणि 'न' म्हणताना ती दातांच्या मुळाशी येते, हे दाखवावे. 'ण बाणाचा' असे चित्रावर बोट ठेवून शंभर वेळा म्हटल्याने जे साधत नाही, ते अशा पाच मिनिटांत साधते. त्याच ग्रंथात एक मनोहर दृष्टांत आहे: वाघीण आपल्या पिलांस दातांत धरून नेते तेव्हा ती त्यांस पडूही देत नाही आणि दातही लागू देत नाही, वर्णांचा उच्चार असा करावा. शिक्षकाने तर हा दृष्टांत निरंतर ध्यानात बाळगावा, कारण मुलासही त्याने असेच धरावयाचे असते.

हल्ली आपल्या घरांतील पुष्कळ नातवंडे इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात, आणि तेथून 'फॉनिक्स' हा शब्द घरी आला आहे. अक्षराचे नाव न शिकविता त्याचा ध्वनी शिकवावयाचा व ध्वनी जोडून शब्द वाचावयाचा, ही ती पद्धती. तिच्यातील 'जॉली फॉनिक्स' या प्रसिद्ध पाठक्रमात आरंभीच एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरे घेतात. कारण तेवढ्यांतून 'पिन', 'टिन', 'सॅट', 'नॅप' असे कितीतरी शब्द लगेच वाचता येतात. इंग्लंडात सर जिम रोज यांच्या २००६ सालच्या अहवालानंतर शाळांतून हीच दिशा धरण्यात आली, आणि २०१२ पासून तेथे पहिल्या इयत्तेच्या मुलांची चाळीस शब्दांची तोंडी परीक्षा सुरू झाली. त्या चाळिसांतील वीस शब्द मुद्दाम निरर्थक असतात. मूल शब्द ओळखीने सांगते की ध्वनी जुळवून वाचते, हे निरर्थक शब्दावाचून कळत नाही, हे त्यातील मर्म.

हे सर्व पाहून 'ही साहेबाची नवी युक्ती' असे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही; आणि भारावून जाऊन ती जशीच्या तशी मराठीवर लादण्याचेही कारण नाही. इंग्रजीत सव्वीस अक्षरांत सुमारे चव्वेचाळीस ध्वनी बसवावे लागतात, म्हणून तेथील अडचण निराळी. आपल्याकडे अक्षर व ध्वनी यांचे सख्य पुष्कळच अधिक. परंतु आपले अक्षर म्हणजे एकटा ध्वनी नव्हे. 'का' म्हणजे क् आणि आ यांची जोडी. चौतीस व्यंजने व बारा रूपे धरली तर चारशेआठ आकृत्या होतात. त्या सर्व पाठ करावयाच्या, असे मुलास वाटले तर त्याची छाती दडपते. काना, मात्रा, वेलांटी, उकार ही थोडी चिन्हे कोणत्याही व्यंजनावर चढतात, हे एकदा उमगले म्हणजे चारशेआठांचे ओझे उतरते.

म्हणून आरंभी वर्णमालेचा क्रम न धरता क, म, न, र, ल ही पाच अक्षरे व एक काना एवढेच भांडवल घ्यावे. तेवढ्यात नाक, कान, मान, काम, रान, लाल, काका, मामा, कमान असे शब्द मुलाच्या हाती येतात. 'ङ' व 'ञ' यांपाशी अडून बसण्यापेक्षा चौथ्या दिवशी 'मामा' लिहिता येणे मुलास अधिक प्रिय असते. आकृतिसाम्यावरून ग, म, भ, न अशी अक्षरे गिरविण्याची जी जुनी 'गमभन' पद्धती, तीही हाताच्या वळणासाठी चांगलीच होती. धूळपाटीवरच्या अक्षराचा बोटास होणारा स्पर्श हा तर तिचा मोठाच गुण. डॉ. मारिया माँटेसरी यांनी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविताना त्याच क्षणी ध्वनी उच्चारावयाचा असा जो परिपाठ घातला, त्यात बोट, डोळा व कान हे तिन्ही एका कामास जुंपले जातात. १९२६ साली गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, तेव्हापासून ही दृष्टी आपल्या प्रांतात अपरिचित राहिलेली नाही. तरी घराघरांत ती अद्याप पोहोचावयाची आहे.

आता मुख्य अडचणींकडे वळू. पहिली अडचण न उच्चारल्या जाणाऱ्या अकाराची. संस्कृतात 'कमल' म्हणताना शेवटचा अ स्पष्ट असतो. मराठीत 'कमळ' म्हणताना तो लोपतो. 'बसला' म्हणताना तर मधल्या 'स' मधला अकारही जातो. मुलास टाळ्या वाजवून शब्द मोजावयास सांगा: 'बस–ला', दोन टाळ्या, 'रस्–ता', दोनच टाळ्या. मग एकात 'स' पूर्ण आणि दुसऱ्यात तो अर्धा, हे त्याने कशावरून ओळखावे? येथे त्यास शब्दाचे कुटुंब दाखवावे. बस, बसतो, बसू, बसेन, या सर्वांत 'बस' हे मूळ उभे आहे, आणि 'बसू' म्हणताच झाकलेला स्वर पुन्हा तोंड वर काढतो. म्हणून 'बसला' यात 'स' मोडावयाचा नाही. 'रस्ता' या शब्दाचा मात्र रसाशी काही संबंध नाही. हा विनोद ऐकून मुले हसतात, आणि जे हसून ऐकले ते सहसा विसरत नाहीत.

हीच युक्ती 'दूध' व 'वाघ' यांस लागते. शब्दाच्या शेवटी ध चा द आणि घ चा ग झाल्यासारखा कानास वाटतो, म्हणून मूल 'दूद', 'वाग' लिहिते. त्यास म्हणावे, 'बाळ, शब्दास प्रत्यय लाव आणि पुन्हा ऐक.' 'दुधात' म्हणताच ध आणि 'वाघाने' म्हणताच घ कानावर स्वच्छ पडतो. विभक्ती ही केवळ व्याकरणाच्या तासापुरती नसून दाराआड दडलेले अक्षर बाहेर बोलाविण्याची ती किल्ली आहे, हे सात वर्षांच्या मुलासही कळते.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची, आणि तांबड्या शाईचा बराचसा खर्च हिच्यापायीच होतो. वर्गात 'पहिली वेलांटी', 'दुसरी वेलांटी' अशी नावे रूढ आहेत. या नावांत क्रमांक आहे, पण कालमान नाही. मुलास कितवी एवढेच कळते, किती लांब हे कळत नाही. त्याऐवजी आखूड व लांब असे म्हणावे. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत यांचे माप सांगताना 'उ' हाच स्वर घेतला, आणि परंपरा त्याचा संबंध कोंबड्याच्या आरवण्याशी जोडते: आधी आखूड, मग लांब, मग त्याहून लांब. वर्गातील सर्व मुलांनी एकदा कोंबड्यासारखे आरवून घ्यावे. शेजारच्या वर्गातील शिक्षक रागावतील, पण मात्रेचा धडा जन्माचा होईल.

यानंतर शब्द द्यावेत ते जोडीने: तूप–तुपात, फूल–फुलाला, मूल–मुलाने, खीर–खिरीत, विहीर–विहिरीत, गरीब–गरिबास. शेवटचा अकार लोपल्यामुळे 'तूप' हा शब्द एका दमात संपतो आणि त्याचा स्वर लांबतो. प्रत्यय लागून पुढे दीर्घ स्वर आला की तोच स्वर आखडतो. अकारान्त मराठी शब्दाचे उपान्त्य इकार-उकार दीर्घ, आणि प्रत्यय लागता ते ऱ्हस्व, असा जो नियम मुले पुढे पाठ करतात, तो मुळात त्यांच्या तोंडातच वसत असतो. नियम आधी सांगून उदाहरणे मागाहून देण्याऐवजी अशा दहा जोड्या मोठ्याने म्हणवून घेऊन 'तुम्हांस काय आढळले?' असे विचारावे. वर्गातील एखादे तरी मूल नियम आपण होऊन सांगते. आणि मुलाने शोधलेला नियम शिक्षकाने सांगितलेल्या नियमापेक्षा अधिक टिकतो.

एक अक्षर व दोन ध्वनी, असाही प्रकार मराठीत आहे. 'माझा' यातील झ दातांजवळचा, तर 'माझी' यातील झ तालूचा. 'त्याचा' आणि 'त्याची' यांतील च कारांचीही तीच गत. लिपीत यांस निराळे चिन्ह नाही. चाणाक्ष मूल हा भेद ऐकते व विचारतेही. त्या वेळी 'असे काही नसते' म्हणून त्यास गप्प करू नये. 'तू बरोबर ऐकलेस. येथे लिपी एकाच चिन्हावर भागविते,' असे सांगावे. कान खरा ठरला की मूल लिपीची सवलत आनंदाने मान्य करते.

येथपर्यंत कानाचे राज्य झाले. आता ज्या शब्दांत कानाचे चालत नाही ते शब्द. 'गुण', 'विष', 'मधुर', 'मंदिर' हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले पाहुणे आहेत. आपण बोलताना 'गूण', 'वीष' असे लांबवितो, परंतु पाहुण्याने आपला पोशाख बदललेला नसतो. म्हणून लिहिताना तो ऱ्हस्वच राहतो. याच्या उलट 'पूजा', 'नीती' यांत मराठी वळणाने उपान्त्य स्वर ऱ्हस्व व्हावा, पण तो दीर्घच राहतो. या शब्दांपुरते मुलास मोकळेपणाने सांगावे की, येथे कानाची साक्ष ग्राह्य नाही. हे शब्द डोळ्यांनी पाहून ठेवावयाचे. अशा शब्दांची एक निराळी लहान वही करावी, तीस 'पाहुण्यांची वही' म्हणावे, आणि आठवड्यास पाचांहून अधिक पाहुणे घरात घेऊ नयेत. येथेही कुटुंब उपयोगी पडते: 'गुण', 'गुणी', 'निर्गुण', 'सद्गुण' ही भावंडे एकत्र लिहिली म्हणजे ऱ्हस्व उकार डोळ्यांत ठसतो.

पालकांस या नियमांची भीती वाटते ती ते आकाशातून पडले आहेत अशा समजुतीने. खरे पाहता हे मनुष्यांनी विचार करून, वाद घालून ठरविलेले संकेत आहेत. ज्या मोडीत आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके दफ्तरे लिहिली, तीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलाच जात नसे, आणि त्यावाचून राज्यकारभार अडला नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले व मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय व्याकरण १९११ साली. त्यांच्या मधल्या व नंतरच्या काळात लेखनाविषयी केवढाले वाद झाले! मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. जे अनुस्वार केवळ व्युत्पत्तीसाठी लिहिले जात व कोणाच्याही कानास ऐकू येत नसत, ते या नियमांनी गेले. शब्दाच्या अंती येणारे इकार-उकार दीर्घ झाले, म्हणून आपण आज 'कवी' व 'गुरू' असे लिहितो, आणि समासात 'कविराज', 'गुरुदक्षिणा' असे मूळ ऱ्हस्व राखतो. २००९ सालच्या शासननिर्णयाने ॲ व ऑ या स्वरांस वर्णमालेत जागा मिळाली. 'बॅट' व 'डॉक्टर' मुलांच्या कानांवर कितीतरी आधीपासून होते. म्हणजे लिपीही हळूहळू कानाकडे सरकत आली आहे. एवढे मुलास कळले म्हणजे नियम त्यास जाच वाटत नाही. दहाजणांनी मिळून ठरविलेला तो रस्त्याचा डावा-उजवा वाटतो.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो या मासिकाच्या वाचकांपुढे विशेषेकरून मांडावयाचा आहे. आपल्या घरांत 'ण' व 'ळ' यांचे उच्चार मुलांच्या कानांवर पाळण्यात असल्यापासून पडतात. त्यात त्यांचा पराक्रम काही नाही. तो वारसा आहे. वर्गात त्यांच्याच शेजारी बसलेल्या एखाद्या मुलाच्या घरी 'पानी' व 'लोनी' म्हणतात. खानदेश-वऱ्हाडाकडे 'डोळा' याचा 'डोया' होतो. ते मूल 'पानी' लिहिते तेव्हा त्याचा कान आपल्या मुलाच्या कानाइतकाच सच्चा असतो. फरक एवढाच की, त्याने ऐकलेली मराठी निराळी. अशा मुलास वर्गासमोर उभे करून हसविले जाते तेव्हा, ज्या आईच्या तोंडून त्याने तो शब्द उचलला तिचाच उपहास होतो, हे शिक्षकाच्या ध्यानात येत नाही. मी असे एक मूल पाहिले आहे. दुसऱ्या इयत्तेत फळ्यावर लिहिलेल्या त्याच्या शब्दास सारा वर्ग हसला, आणि त्यानंतर वर्षभर त्याने विचारल्यावाचून तोंड उघडले नाही. लेखी उत्तरे मात्र मोजून दोन शब्दांची देई, कारण तिसऱ्या शब्दात चूक होण्याचा संभव.

अशा मुलास काय सांगावे? 'घरी म्हणतोस ते चुकीचे' असे कदापि सांगू नये. 'घरी आपण पानी म्हणतो; पुस्तकात पाणी लिहितात; दोन्ही तुझेच आहेत,' असे सांगावे, आणि मग आरशासमोर जीभ वळवून 'ण' चा खेळ घ्यावा. १९४५ पासून बोर्डीस, आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी जे काम केले, त्यात शाळा मुलांच्या अंगणात व गुरांच्या कुरणापर्यंत नेण्याचे धैर्य होते. मुलाच्या दारी जावयाचे, तर त्याच्या भाषेच्या दारीही गेले पाहिजे. आपल्या मुलांनीही शेजारच्या बाकावरील मित्राच्या बोलीस हसू नये, हा संस्कार शाळेचा नव्हे. तो आपल्या जेवणाच्या पंक्तीत व्हावयाचा आहे.

शेवटी घरच्या अभ्यासाविषयी दोन शब्द. रोज दहा मिनिटे पुरेत. श्रुतलेखनास एका दिवशी एकाच जातीचे पाच शब्द घ्यावेत. जोडाक्षरे, पाहुणे व ऱ्हस्व-दीर्घ यांची मिसळ करू नये. शब्द सावकाश सांगावा, मुलाने तो प्रथम मोठ्याने म्हणावा आणि म्हणत म्हणतच लिहावा. मधून मधून 'टमूक', 'लाफी', 'गिरोळ' असे निरर्थक शब्द घालावेत. त्यांत मुलांस मौज वाटते आणि कानाची परीक्षा होते. लिहून झाल्यावर पुस्तकाशी ताडून पाहण्याचे काम त्याच्याकडेच सोपवावे. चुकलेला शब्द दहा वेळा लिहावयास लावू नये. पाचव्या खेपेनंतर हात लिहितो व मन अंगणात असते. त्याऐवजी त्या शब्दाचे एक वाक्य करावयास सांगावे. दूरध्वनीयंत्र हल्ली अर्धा शब्द लिहिताच पुरा शब्द सुचविते. ती सोय मोठ्यांस ठीक, पण ज्याचा कान अजून घडावयाचा आहे त्याच्या हाती कागद व शिसपेन्सिलच बरी.

आणि मोठ्याने वाचून दाखविणे कधीही सोडू नये. ज्या घरात संध्याकाळी कोणीतरी स्पष्ट उच्चाराने चार पाने वाचते, त्या घरातील मुलाच्या वहीतील तांबडी शाई आपोआप ओसरत जाते. यास वेगळी शिकवणी लागत नाही, व पैसाही लागत नाही.

एखादे दिवशी त्या मुलाचे पहिले पत्र येईल. त्यात 'प्रीय आजी' अशी दीर्घ वेलांटी असेल, 'तुज्या हातचे तूप संपले' असेही असेल. आजीने आधी तुपाचा डबा पाठवावा आणि उत्तराच्या आरंभी 'प्रिय बाळ' एवढे स्वच्छ अक्षरात लिहावे. वेलांटीचे काम त्यात होऊन जाते. आणि पत्र लिहिले तर उत्तर येते, हा लेखनाचा पहिला धडाही त्यास मिळतो.